सोमवारचा शिक्का

रोशब्रान
सोमवार, १५ मे २०२३, दुपार

तांगी,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच फेकून देशील. म्हणून उद्या आमची टोळी इथे पोचली की पत्ता क्लेमांसच्या हातून लिहून घेणार आहे. क्लेमांस ही आपल्या सायकल मंडळाची नवी अध्यक्ष. तू मंडळ सोडलंस तेव्हा ती जन्मली नव्हती.

आज सोमवार आहे. इथली बेकरी बंद आहे. आणि माझ्या हातात याच बेकरीचा पाव आहे, अजून कोमट. माझ्या वहीच्या मागच्या पानावर याच बेकरीचा शिक्का आहे, आजच्या तारखेचा.

मी क्रमाने लिहितो. रेल्वेत बत्तीस वर्षं तिकिटं तपासली, दुसरी पद्धत मला येत नाही.

आमची टोळी उद्या वेझेर नदीच्या खोऱ्यात येणार. वाट बघून ठेवायला मी एक दिवस आधी निघालो. अकराच्या सुमाराला रोशब्रानला पोचलो. पुलावर सायकल टेकवली, तुझ्यासारखा पुलाच्या दगडावर हात फिरवला. बेकरीच्या दारावर कागद, ‘सोमवारी बंद’. तोच कागद असणार नाही, पण शब्द तेच. या वेळी मात्र मी कागद पूर्ण वाचला. खाली बारीक अक्षरात होतं, ‘पाव जिनेतच्या खिडकीत.’

धोबीघाटाला लागून एक घर आहे. निळी खिडकी, खिडकीत पावाची टोपली, टोपलीमागे पंचाहत्तरीची बाई.

“बेकरी बंद आहे ना?” मी विचारलं.

“बेकरी बंद आहे. माणसांची पोटं कुठे बंद आहेत?”

“आणि शिक्का? आम्हा सायकलवाल्यांना...”

“तो पावाबरोबरच येतो. टोपलीत तळाशी बघा, दोरी बांधलीय. तुम्ही लोक पाव घेता एक आणि शिक्के मागता चार.”

मी टोपलीत हात घातला. लाकडी मुठीचा शिक्का. गव्हाच्या दोन लोंब्या आणि मध्ये गावाचं नाव.

“हे कधीपासून आहे, मादाम?”

“माझं लग्न झालं तेव्हापासून. एकोणसत्तर साल. बेकर तीन बदलले, सोमवार काही बदलला नाही.”

“म्हणजे एक्क्याण्णव सालीही?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू उन्हाने माझं डोकं फिरलंय. “का? एक्क्याण्णव साली सोमवार नव्हते?”

तांगी, मी धोबीघाटाच्या कठड्यावर बसून हे लिहितोय. पाव खाल्लेला नाही.

तुझ्या वहीतला शिक्का खरा होता.

अर्मां

मोंतिफो
शुक्रवार, १९ मे

तांगी,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल. क्लेमांसने पत्ता लिहिला, पण का, हे विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “काका, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. चढण जड गेली का?”

चढण जड गेलीच. कड्याच्या पोटातली जुनी घरं आहेत ना, त्यांच्या खालून रस्ता वळतो आणि मग उठतो तो उठतच जातो. दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. ही चढण एवढी असेल याची मला कल्पना नव्हती.

म्हणजे विसरलो होतो, असं म्हणायचं होतं.

एक्क्याण्णवच्या त्या सप्टेंबरबद्दल लिहायला हवं. नगरभवनाच्या वरच्या मजल्यावरची आपली खोली. चाळीस खोऱ्यांत सायकलने जाऊन प्रत्येक ठिकाणचा शिक्का घ्यायचा, अशी चाळीस नद्यांची वही पूर्ण करणारा पहिला सदस्य त्या दिवशी जाहीर व्हायचा होता. एकोणचाळीस खोरी आपण दोघं बरोबर फिरलो. पाऊस, पंक्चर, गोठ्यात झोपणं, तुझं प्रत्येक पुलापाशी थांबणं, सगळं बरोबर. चाळिसावं तेवढं वेगवेगळं. माझ्या ओदेतला सोमवारी इस्पितळात न्यायचं होतं, म्हणून मी एकटा आधी निघालो. माझा शिक्का रविवारचा, ९ जून. तुझा दुसऱ्या दिवसाचा.

तपासनीस मीच होतो. तुझं शेवटचं पान उघडलं, तारीख पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “तांगी, रोशब्रानची बेकरी सोमवारी बंद असते. बंद दुकानात शिक्का कोणी मारला?”

तू काही बोलला नाहीस. वर मान करून माझ्याकडे पाहिलंस, मग पहिल्या रांगेकडे, जिथे ओदेत डोक्याला रुमाल बांधून बसली होती. मी पुढे म्हणालो, “आदल्या दिवशी गाडीने जाऊन शिक्का घ्यायचा आणि तारीख नंतर टाकायची, ही युक्ती नवी नाही.” आणि लाल पेन्सिलीने फुली मारली.

तू वही उचललीस आणि गेलास. नाताळपर्यंत गावही सोडलंस, ब्रेतान्यला गेलास. जुने पूल आणि देवळं दुरुस्त करणारा तुझ्यासारखा गवंडी या भागात दुसरा नव्हता. रोमानेस्क धाटणीची जुनी कमान उतरवली तर परत कोण चढवणार, असं पाद्रीबाबा कितीतरी वर्षं म्हणायचे. लोक तुला ‘सोमवारवाला’ म्हणायला लागले होते. ते मी ऐकत होतो. कधी थांबवलं नाही.

पितळी पाटीवर माझं नाव लागलं. आपला नियम तुला आठवतो, पूर्ण झालेली वही टपालाने पाठवायची नाही, तपासनिसाने स्वतः सायकलवर जाऊन मालकाच्या हातात द्यायची. मी माझी वही माझ्याच हातात दिली. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

एक प्रश्न मला झोपू देत नाही. खिडकीचं तुला ठाऊक होतं. तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, “सोमवारी पाव जिनेतकडे असतो.” एक वाक्य. का नाही बोललास?

माफी मागतो. शब्द फार लहान आहे, पण दुसरा सापडत नाही.

अर्मां

मोंतिफो
रविवार, ४ जून

तांगी,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. कदाचित मागच्या पत्रात काय राहिलंय हे तुला दिसलं असेल. तू दगडातली भेग दुरूनच ओळखायचास.

चढण मी विसरलो नव्हतो. मी ती त्यापूर्वी कधी चढलोच नव्हतो.

त्या रविवारी सकाळी पाऊस कोसळत होता. ओदेतला रात्रभर उलट्या झालेल्या. डॉक्टर शनिवारी मला जिन्यात गाठून म्हणाले होते, फार तर नाताळ. आणि ओदेत उशीवरून म्हणाली, “तुझी पाटी लागलेली मला बघायचीय रे. मी नसताना लागली तर काय मजा?” जाऊन यायला तीन दिवस लागले असते. माझ्याकडे एक होता.

तिचा भाऊ बास्तियँ बाजाराला बदकं घेऊन वेझेरच्या बाजूला निघाला होता. मी सायकल त्याच्या व्हॅनमध्ये टाकली. पिंजऱ्यांच्या मध्ये पाय दुमडून बसलो. बास्तियँ मागे वळून म्हणाला, “मेहुणे, बदकांना सांगू नका हं कुठे चाललोय ते. रडारड करतात.”

पुलाजवळ उतरलो. बेकरीत शिरलो, शिक्का घेतला. दारावरच्या कागदाची वरची ओळ वाचली, सोमवारी बंद. खालची वाचली नाही. व्हॅन चालूच होती.

सप्टेंबरात तुझ्या पानावर सोमवार दिसला तेव्हा मला क्षणभरही शंका आली नाही. गाडीने जाऊन शिक्का आणतात हे मला इतकं पक्कं माहीत होतं, तांगी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी तुझ्या वहीत स्वतःलाच पकडलं आणि शिक्षा तुला दिली.

आणखी सांगतो. मला बरंही वाटलं. तू एका दिवसाने मागे होतास. तुझी वही खरी ठरली असती तर माझ्या पाटीशेजारी तुझी लागली असती, आणि तिच्याकडे बघून मला रोज आठवलं असतं की यातली एक खोटी आहे. तू गेल्यावर खोटं खरं वाटायला लागलं. पुढे तर मी त्या चढणीच्या गोष्टी सांगत असे. नव्या पोरांना. कुठला गियर लावायचा हेसुद्धा.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ओदेतलाही नाही. त्या रविवारी संध्याकाळी तिने माझं ओलं जाकीट स्वतः झटकून वाळत घातलं, एवढं आठवतं. फेब्रुवारीत ती गेली.

मंडळाची वार्षिक सभा सप्टेंबरात आहे. पन्नासावं वर्ष. क्लेमांसने मला भाषण करायला सांगितलंय, विषय ‘पहिली वही’. मी हो म्हणून बसलोय. तुझं एक उत्तर आलं, अगदी शिवी जरी आली, तरी काय करायचं ते मला कळेल.

अर्मां

मोंतिफो
गुरुवार, २२ जून

तांगी,

पोस्टमन आत्ता गेला. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच लिहितोय.

पाकिटात पत्र असेल असं वाटलं होतं. निघाली तुझी वही. तिचं निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपऱ्यावर द्राक्षाच्या रसाचा डाग, दोर्दोन्य नदीच्या काठी आपण पडलो होतो तो. एकोणचाळीस पानांवर माझी सही. चाळिसाव्यावर गव्हाच्या लोंब्या, १० जून, आणि माझी लाल फुली. फुली फिकी झाली आहे. शिक्का तसाच काळाभोर.

आणि त्याखाली तुझी ताजी शाई, तीन ओळी.

‘बदकांचं मला त्याच सकाळी कळलं होतं. जिनेतनेच सांगितलं.
ओदेतला पाटी बघायची होती.
आता ती कोणासाठी टांगलीय?’

मी खुर्ची ओढायला गेलो आणि खुर्ची पडली. शेजारीण भिंतीवर ठोकून विचारत होती, “मुस्य अर्मां, पडलात का?” मी म्हणालो, “हो.”

जिनेतने आदल्या दिवशी खिडकीतून आमची व्हॅन पाहिली असणार. तर म्हणून बोलला नाहीस. तू खिडकीचं नाव घेतलं असतंस तर कुणीतरी लगेच फोन लावला असता आणि जिनेतने आधी तुझा पाव आणि मग माझी बदकं, सगळं सांगितलं असतं. पहिल्या रांगेत ओदेत बसलेली. तू तिच्याकडे पाहिलंस ते मी तुझं अपराधीपण समजलो. सगळ्यांना नंतर तसंच सांगितलं, “बघितलंत? नजर खाली गेली त्याची.”

बत्तीस वर्षं तू ‘सोमवारवाला’ राहिलास. ती गेल्यावर तरी बोलायचंस! लिहायचंस, फोन करायचास, दारात येऊन थोबाडीत मारायचीस.

नाही. चूक पुन्हा तुझ्याच गळ्यात घालतोय. बोलायचं मला होतं.

तिसरी ओळ पुन्हा वाचतो. मी भिंतीकडे बघत बसतो.

अर्मां

मोंतिफो
रविवार, ३ सप्टेंबर

तांगी,

काल सभा झाली. खोली तीच, खुर्च्या नव्या. साठेक माणसं. मी सायकलच्या पिशवीतून दोन वह्या काढून टेबलावर ठेवल्या, तुझी आणि माझी. भाषण घडी करून खिशात ठेवलं आणि सरळ सांगितलं. पाऊस, व्हॅन, बदकं, खिडकी, फुली. किती वेळ लागला कुणास ठाऊक. क्लेमांस म्हणते, चार मिनिटं.

मग मागून रोज्ये उठला. आपला रोज्ये, आता ब्याऐंशीचा, दोन काठ्या घेतो, जीभ तशीच आहे.

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही बदकांच्या फेरीला टाळ्या वाजवत होतो?”

कोणीतरी हसलं. मग दोघे-तिघे. तेवढ्यात रोज्येने काठी आपटली.

“हसू नका रे! त्या दिवशी मी याच खोलीत होतो. माझ्या बायकोचं माहेर रोशब्रानपासून दोन कोसांवर. सोमवारी पाव कुठे मिळतो हे मला माहीत होतं. घरी गेल्यावर आठवलं. म्हटलं, जाऊ दे, आता कशाला. मीसुद्धा पुढे त्याला सोमवारवाला म्हणालोच की.” आणि तो खाली बसला तो सभा संपेपर्यंत वर बघेना.

क्लेमांसने पाणी दिलं. पोरगी करारी आहे. म्हणाली, “काका, पाटी तुम्ही काढणार की मी काढू?”

“स्क्रू मीच लावले होते.”

“मग स्टूल मी धरते.”

चार स्क्रू. तीन सहज निघाले, चौथा गंजलेला. पाटीमागे भिंत पांढरीशुभ्र निघाली, बाकीची धुरकट. सगळे त्या चौकोनाकडे बघत राहिले, आणि मला वाटलं की मला या खोलीत आता पुन्हा कधीच बसता येणार नाही.

मग क्लेमांसने नियमावली उघडली. कोणाची फुली ती त्यानेच खोडायची, दुसऱ्याची सही चालत नाही. मला ते पाठ आहे, मीच लिहिलेलं. तुझं चाळिसावं पान उघडलं. फुलीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली, कालची तारीख घातली. ‘खरा शिक्का. तपासणी चुकीची.’ सही वाकडी आली आहे. तुझी वही क्रमांक एक. माझी रद्द.

माझी तपासनीसगिरीही काल संपली. मी स्वतःच तसं सांगितलं. क्लेमांस म्हणाली, “कबूल. पण एक काम तुमचं उरलंय.” आणि तुझी वही माझ्या हातात दिली. “नियमाने टपालाने पाठवता येत नाही.”

रोज्ये मागून म्हणाला, “बहात्तर वर्षांचा आहे तो! ब्रेतान्यला जायला सहाशे किलोमीटर आहेत!”

“व्हॅन मिळेल की,” कोणीतरी म्हणालं. या वेळी मीही हसलो.

अर्मां

मोंतिफो
गुरुवार, ७ सप्टेंबर, पहाट

तांगी,

हे शेवटचं. पत्र माझ्या आधी पोचेल.

काल रात्री सायकलची मागची पिशवी उसवलेली दिसली. जाड दोरा हवा होता म्हणून ओदेतचा शिवणाचा डबा काढला. एकतीस वर्षांत उघडला नव्हता. सुया टोचायची फ्लॅनेलची घडी उघडली, आणि सुयांच्या मधोमध, नीट टाके घालून बसवलेलं, एक बदकाचं पांढरं पीस.

तिने जाकीट झटकलं होतं. तिने पाहिलं होतं.

विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पाटीखाली उभी राहून ती हसली होती, त्याचा फोटो माझ्या पलंगापाशी आहे. ते हसू मी इतकी वर्षं एका अर्थाने बघत होतो. रात्रभर ते बघत बसलो आणि मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. तिला ठाऊक, तुला ठाऊक, जिनेतला ठाऊक. लपवलं ते फक्त माझ्यापासून लपलं.

पिशवी त्याच घडीतल्या सुईने शिवली. पीस होतं तिथेच ठेवलंय.

तुझी वही तेलकागदात गुंडाळून पुढच्या पिशवीत ठेवली आहे. आधी द्रोन् नदी, मग शारांतच्या काठाने खाली, पुढे सेव्हर, ल्वार नदी ओलांडली की कालव्याच्या बाजूची वाट थेट तुझ्या गावापर्यंत. दिवसाला पन्नास किलोमीटर, जास्त झेपणार नाही. गाडीत बसणार नाही. प्रत्येक पुलापाशी थांबणार आहे, म्हणून एखादा दिवस मागेपुढे.

हिशेबाने मी सोमवारी पोचतो. अठरा तारीख.

तुझं दार बंद असेल, हे मी धरूनच चाललोय. या वेळी मी शेजारच्या खिडकीत विचारीन.

अर्मां